मुद्देमाल बेपत्ता

मुद्देमाल हाती लागल्यावाचून खटला उभा करू नये, असा फौजदारी कामकाजातील एक जुना आणि शहाणपणाचा संकेत आहे. परंतु मानवी व्यवहाराचा एक प्रांत असा आहे की जेथे या संकेताचा अंमल आजवर कधी बसलेला नाही, आणि तो प्रांत म्हणजे गोड्या पाण्याच्या काठी गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींचा. तेथे मुद्देमाल, म्हणजे मासा, बहुतेक प्रसंगी बेपत्ता असतो. बाकी सारे असते. फिर्यादी असतो, साक्षीदार असतात, हत्यारे तर मोजता येऊ नयेत इतकी असतात, आणि घडल्या वृत्तान्ताची जबानी अशी तपशीलवार असते की तालुक्याच्या फौजदाराने ती एकदा ऐकली तर त्याला आपल्या हाताखालच्या हवालदारांची लाज वाटावी. एवढी सिद्धता असताना केवळ मासा नाही म्हणून निकाल अडवून ठेवणे हे त्या मंडळींना क्षुद्रपणाचे वाटते, आणि त्यांच्या सहवासात काही हिवाळे काढल्यावर मलाही ते तसेच वाटू लागले आहे.

मी स्वतः गळ टाकीत नाही. मावळातल्या एका धरणाच्या पाण्यावर जी टोळी रविवारी पहाटे उतरते तिच्यात एक निवृत्त मामलेदार, एक दंतवैद्य, एक पारशी गृहस्थ आणि बँकेतले एक मितभाषी अधिकारी असे चौघे आहेत. पाचवा मी, चहाच्या थर्मासचा अव्वल कारकून आणि लागेल तेव्हा पंच. पंचाला त्या विद्येतले काही कळू नये, त्याला सही मात्र करता यावी, ही पात्रता माझ्या ठायी पूर्णांशाने आहे. आमची मंडळी कायदेशीर आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे. पाणी पाटबंधारे खात्याचे, त्यातले मासे मक्त्याने मच्छीमार सहकारी संस्थेचे, आणि काठावरची निराशा तेवढी ज्याची त्याची, ही वाटणी मान्य करून, रीतसर परवाना खिशात ठेवूनच ती पाण्याकडे पाठ न फिरवता बसतात.

या चौघांच्या सरंजामाकडे प्रथमच पाहणाऱ्याचा असा समज होतो की ही सर्व साधने मासे पकडण्यासाठी आहेत. तो समज मी दीर्घकालीन निरीक्षणाने सोडून दिला आहे. साधनांचे खरे कार्य जो मासा हाती आला नाही त्याची साक्ष देणे हे आहे. पकडलेल्या माशाला साक्षीदार लागत नाहीत, तो स्वतःच बोलतो, आणि दुर्दैवाने फार थोडके बोलतो. वजनकाट्याला लावला की त्याचे वक्तव्य संपते. न पकडलेल्या माशाची बाजू मात्र तुटलेली दोरी, उलगडलेला गळ, सुटलेली गाठ आणि वाकलेली कडी यांनाच मांडावी लागते, म्हणून ती जितकी भारी किंमतीची तितकी त्यांची साक्ष वजनदार. चार आण्यांचा गळ सरळ झाला तर गळ कच्चा होता. परदेशी बनावटीचा, पोलादी, दुप्पट जाडीचा गळ सरळ झाला तर मासा मोठा होता. वस्तू महाग का घ्यावी याचे याहून समर्पक कारण मला कोणत्याही जाहिरातीत वाचायला मिळालेले नाही.

मामलेदारसाहेबांची पेटी हे या शास्त्राचे दप्तर होय. झाकण उचलले की तिचे कप्पे पायरीपायरीने वर येतात आणि प्रत्येक कप्प्यावर साहेबांच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी असते: गळ, शिसे, भोवरकड्या, तरंगणारी बोंडे, नकली मासोळ्या, आणि शेवटच्या कप्प्यावर ‘किरकोळ’, ज्यात मी आजवर सुपारीखेरीज काही पाहिले नाही. यातील गळांच्या आकारमानाची जी मोजणी जगभर रूढ आहे ती कोणा स्वस्थचित्त माणसाने ठरवली असेल असे वाटत नाही. वीस नंबरचा गळ दहा नंबरच्याहून बारीक, दहाचा चाराहून बारीक, अशा रीतीने आकडा घटत जाईल तसा गळ मोठा होत जातो. एकावर आल्यानंतर उतरायला जागा उरत नाही, म्हणून एकापुढे तिरकी रेघ आणि शून्य देऊन 1/0 असे लिहितात, आणि तेथून पुढे 2/0, 3/0, 5/0 असा आकडा चढेल तसा गळही चढू लागतो. मला ही व्यवस्था समजून घेण्यास बराच काळ लागला. मामलेदारसाहेबांना मात्र ती पहिल्याच दिवशी कळली आणि आवडलीही, कारण ज्याने सारी हयात सातबाराचे उतारे, फेरफार आणि आणेवारी यांत घालवली आहे, त्याला आकडा आणि वस्तू यांचा संबंध उलटसुलट असण्यात वावगे असे काही दिसत नाही.

दोरीचा इतिहास याहून उद्बोधक आहे. नायलॉन 1938 साली जगापुढे आले. त्यापूर्वी गळाला लागून असलेला दोरीचा शेवटचा पारदर्शक तुकडा रेशमाच्या किड्यापासून काढीत. कोश विणण्याच्या बेतात असलेला किडा शिर्क्यात भिजवायचा, त्याच्या पोटातल्या रेशमाच्या ग्रंथी बाहेर घ्यायच्या आणि दोन्ही हातांनी ताणून त्यांची तार ओढायची, हा उद्योग स्पेनमधल्या मुर्सिया प्रांतात मोठ्या प्रमाणावर चाले. ही तार वापरापूर्वी पाण्यात भिजवून मऊ करावी लागे, अन्यथा ती कडकन तुटे. आणि त्या पिढीतल्या सर्व अजस्र माशांचे प्राण या एका तरतुदीमुळे वाचले, असे त्यांच्या वारसांच्या बोलण्यावरून दिसते. “घाईत तार भिजवायची राहिली,” हे वाक्य दोन खंडांतल्या कितीतरी दिवाणखान्यांतून म्हटले गेले असेल. मग नायलॉन आले. ते भिजवावे लागेना. तेव्हा दोष नायलॉनच्या ताणण्याकडे गेला. आता अनेक बारीक धाग्यांची विणलेली दोरी आली आहे; ती केसाएवढी बारीक असून ताणत नाही आणि सहसा तुटत नाही, परंतु तिचा पृष्ठभाग एवढा गुळगुळीत असतो की भलती गाठ तिच्यावरून घसरते. दोरी तुटेनाशी झाली तेव्हा गळ उलगडू लागला, गळ कठीण झाला तेव्हा गाठ निसटू लागली, गाठीवर पुस्तके निघाली तेव्हा भोवरकडीची जीभ वाकू लागली. यंत्रयुगाने एका बाजूने मार्ग बंद करावा आणि माशाने दुसऱ्या बाजूने रस्ता काढावा, अशी ही दोन्ही पक्षांच्या सोयीची स्पर्धा आहे. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करावी, नाही तर घर्षणाच्या उष्णतेने दोरी दुबळी होते, हा त्यातला सर्वांना ठाऊक असलेला नियम आहे. साहजिकच, जो मासा गेला त्याच्या वेळी नेमके फिर्यादीच्या तोंडात पान असते.

पारशी गृहस्थांची काठी ही आमच्या टोळीतली सर्वांत थोर वस्तू. ती त्यांच्या आजोबांची, इंग्लंडातल्या ॲल्निक गावच्या हार्डी बंधूंच्या कारखान्यातली. त्या कारखान्याची स्थापना 1872 ची. बांबू उभा चिरून त्याच्या त्रिकोणी छेदाच्या सहा पट्ट्या काढायच्या आणि त्या परस्परांना चिकटवून षट्कोनी काठी घडवायची, असे तिचे तंत्र; आणि या तऱ्हेच्या काठ्यांना आरंभीच्या काळी पुष्कळसा बांबू कलकत्त्याहून जाई, पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याला मागे टाकले. पारशी गृहस्थ ती काठी लाल बनातीच्या पिशवीतून काढतात, सांधे जुळवतात, तिला सूर्यप्रकाशात फिरवतात, आम्हा सर्वांना तिची लवचिकता मनगटाने अजमावू देतात, पुन्हा सांधे सोडवतात आणि पिशवीत ठेवून देतात. त्यानंतर ते काचतंतूच्या साध्या काठीने बसतात. आजोबांच्या काठीला पाणी दाखवावे, लावू नये, असा त्यांच्या घराण्याचा पायंडा आहे, आणि एका अर्थी तो फार दूरदृष्टीचा आहे; कारण त्या काठीच्या नावावर आजतागायत एकही निसटलेला मासा नाही.

काठीला जोडलेल्या चक्राचे, म्हणजे आपल्या नित्याच्या भाषेत रीळाचे, दोन पंथ आहेत. एकात दोरी ज्या फिरकीवर गुंडाळलेली असते ती फिरकीच फिरते, आणि फेकताना ती दोरीपेक्षा वेगाने फिरली की काठीधारकाच्या अंगठ्यापाशी दोरीचे एक घरटे तयार होते, जे सोडवण्यात रविवारची सकाळ सहज जाते. दुसऱ्यात फिरकी स्थिर राहते आणि दोरी तिच्या टोकावरून वेटोळ्यांनी सुटते; हे रूप ब्रॅडफर्डच्या कापड व्यवसायातल्या इलिंगवर्थ नावाच्या गृहस्थाने 1905 साली आपल्या नावे नोंदवले, आणि सूतगिरणीत नित्य दिसणाऱ्या कांडीवरून त्याला ते सुचले. मुंबईत इतक्या गिरण्या असून ते कोणा गिरगावकराला का सुचले नाही, याचा खेद मामलेदारसाहेब वर्षातून एकदा व्यक्त करतात. रीळाच्या पोटात घर्षणाच्या चकत्यांचा एक आवरणारा पेच असतो. दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाई जोरावर तो बसवावा म्हणजे मासा ओढ घेईल तेव्हा दोरी तुटण्याऐवजी सुटत राहते, असा शास्त्रार्थ आहे. पण खरी मौज त्या पेचातून निघणाऱ्या किरकिराटाची. तो आवाज शांत पाण्यावर पैलतीरापर्यंत जातो, आणि दंतवैद्य तो कधीही बंद ठेवीत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार फितूर होऊ शकतो, कानांनी ऐकलेला होत नाही.

येथे कोणी असे समजू नये की हा सारा शौक साहेबाबरोबर आगबोटीतून आला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा जो प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, त्यात राजाच्या अनेक विनोदांमध्ये मत्स्यविनोद हाही एक आहे, आणि तेथे माशांच्या जाती, त्यांचे खाद्य, काठी, दोर आणि गळ यांचा विचार गादीवर बसणाऱ्याला शोभेल अशा गांभीर्याने केलेला आहे. राजाच्या हातून मासा निसटत असे की नाही, हा प्रश्न दरबारी रिवाजाने विचारता येत नाही. निसटला असेल तर तो पाण्यात सोडून देण्यात आला, अशीच नोंद पडणार.

खाद्याच्या बाबतीत आमची मंडळी सोमेश्वराच्या मागे नाहीत. शेंगदाण्याची पेंड, कणीक, सातूचे पीठ, भाजलेली मेथी, हिंग आणि आणखी एक पदार्थ, ज्याचे नाव कोणी कोणाला सांगत नाही, यांचा गोळा प्रत्येकाच्या डब्यात असतो. मामलेदारसाहेबांच्या गोळ्यात जो हिंग असतो तो त्यांच्या घरच्या फोडणीत नसतो, असे त्यांच्या पत्नीने माझ्यापाशी एकदा फार सौम्य शब्दांत सांगितले. “मासा आणला तर मी बोलणार नाही हो,” त्या म्हणाल्या, “पण आमटीही गेली आणि मासाही नाही, हे कुठल्या शास्त्रात बसतं?” मी पंच असल्याने मत दिले नाही. एवढे खरे की गोळ्याचा वास जितका उग्र तितका त्याचा मालक आशावादी असतो, आणि परतीच्या मोटारीत काचा उघड्या ठेवाव्या लागतात.

परंतु ज्या माशासाठी हा सर्व प्रपंच, तो महाशीर, याच्याविषयी आदराने लिहिले पाहिजे. दख्खनच्या महाशीराचे शास्त्रीय वर्णन 1839 साली कर्नल साइक्स यांनी प्रसिद्ध केले; ते मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर होते आणि त्यांचा मासा पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेच्या पाण्यातला होता. आज त्या ठिकाणी पुलावरून खाली पाहणाऱ्या माणसाला हे वाक्य पुराणातले वाटेल. पुढे 1873 साली मंगळूरहून एच. एस. टॉमस या मद्रास सनदी सेवेतल्या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील गळाच्या विद्येवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि महाशीराची बाजू विलायतेच्या सामन माशासमोर ठामपणे मांडली. महाशीर हवेत उड्या मारून करमणूक करीत नाही. तो तळाकडे, खडकाकडे, प्रवाहाच्या जोराकडे एकच दीर्घ धाव घेतो. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि त्या घशात शिंपले व खेकडे चुरडण्याइतकी शक्ती असल्यामुळे त्याने गळ चेपून टाकल्याच्या तक्रारी पहिल्यापासून आहेत. म्हणजे साधनांनी साक्ष द्यावी, अशी व्यवस्था निसर्गानेच करून ठेवली आहे. मुद्देमाल पूर्णांशाने हजर असल्याचे ठळक उदाहरण 1946 चे: कबिनी नदीत डी वेट व्हॅन इंगन यांनी 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महाशीर काढला. हे घराणे म्हैसूरचे, शिकारीत पेंढा भरून देण्याच्या व्यवसायात जगप्रसिद्ध. ज्याच्या घरात पेंढा भरण्याचा कारखाना आहे त्याला पंच कशाला लागतात?

महाशीर जवळून पाहायचा असेल तर महाडजवळच्या वाळणकोंडीला किंवा वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळसे येथे जावे. दोन्ही ठिकाणी देवस्थानचा डोह आहे, तेथील मासे देवाचे म्हणून त्यांना कोणी हात लावीत नाही, आणि भाविकांनी टाकलेले खाणे घ्यायला ते काठाशी दाटीने येतात. आमची टोळी एकदा तिळशाला गेली होती. चौघांनीही नमस्कार केला, कुरमुरे टाकले, आणि मग पायरीवर जी शांतता पसरली तिच्यात मला भक्तिभावापेक्षा गणित अधिक दिसले. प्रत्येकजण नजरेने वजन करीत होता. येथे मुद्देमाल उघड्यावर पडलेला, परंतु गुन्ह्याला सक्त मनाई. दंतवैद्य परतताना फार गप्प होते.

सरकारी कामाचा विनोद पाहायचा तर पवईचे तळे. ते 1891 च्या सुमारास मुंबईला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून बांधले. पाणी पिण्याच्या योग्यतेचे नाही असे ठरले, आणि मग ते गळ टाकणाऱ्यांच्या योग्यतेचे आहे असे आपोआपच ठरले. तेथे काठावर गळवाल्यांची संस्था आहे आणि पाण्यात मगरी आहेत. निसटलेल्या माशाचा दोष त्यांच्यावर घालता येतो, ही सोय आम्हा मावळातल्यांना नाही.

आम्हाला होडी आहे. ती पत्र्याची, सपाट बुडाची, आणि तिची दोन वल्ही एकमेकांची सख्खी नसल्याने ती स्वभावतः डावीकडे वळते. परवान्याच्या अटीत जीवरक्षक जाकिटांचा उल्लेख असल्यामुळे ती होडीत असतात, आणि फळी टोचते म्हणून ती बुडाखाली घेतलेली असतात. माशाला शेवटच्या क्षणी वर घेण्याची लांब दांड्याची जाळी आहे; तिच्यात आजवर बहुतांशी टोप्या आल्या. नांगर म्हणजे तेलाच्या जुन्या डब्यात ओतलेले सिमेंट, त्यात रोवलेली कडी आणि सुंभाचा दोर. या नांगराने घडवून आणलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे, कारण नौकासाहित्य आणि सत्य यांचा संबंध त्यातून स्पष्ट होतो.

माघातली सकाळ होती, वारा नुकताच उठला होता, आणि दंतवैद्यांचे रीळ किरकिरू लागले. काठीची कमान झाली. दोरी सुटू लागली, प्रथम थबकत, मग संथ आणि अविरत. “मोठा आहे,” दंतवैद्य दातांवर दात ठेवून म्हणाले. मामलेदारसाहेबांनी घड्याळ पाहिले, पारशी गृहस्थांनी टोपी काढली. पेच आवळला तरी दोरी जातच होती. आवरून ओढली तर पलीकडे एखादा डोंगर असावा तशी निश्चलता. तो तळ सोडत नव्हता, उडी मारीत नव्हता, डोके हलवीत नव्हता. ही महाशीराची, आणि तीही वयोवृद्ध महाशीराची, सर्व लक्षणे होत. होडीवाला मामा मागच्या फळीवर बसून तंबाखू मळीत होता. बऱ्याच वेळाने त्याने काठाकडे पाहिले, मग दोराकडे पाहिले आणि म्हणाला, “सायेब, नांगर उचालला जनू.”

नांगर सुटून होडी वाऱ्याबरोबर चालली होती, आणि गळ तळाशी कशात तरी रुतलेला असल्याने होडी जितकी जाई तितकी दोरी रीळावरून सुटे. एवढे स्पष्टीकरण एखाद्या सामान्य माणसाला पुरले असते.

“धरणाखाली जुनं गाव आहे ना,” मामलेदारसाहेब म्हणाले. “एखाद्या वाड्याचं जोतं असेल, डॉक्टर.”

“जोतं ओढ घेतं का हो, मामलेदारसाहेब?”

“ओढ होडीची.”

“होडीची ओढ शेवटी होती. पहिला झटका कुणाचा?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. शेवटी दोरी तुटली, आणि तुटलेले टोक डब्यात जपून ठेवण्यात आले. महिनाभरात त्या वृत्तान्तातून नांगर हळूहळू नाहीसा झाला. प्रथम तो ‘मागाहून’ सुटला, नंतर माशानेच होडी ओढल्यामुळे सुटला. मी पंच होतो. माझी सही दुसऱ्या पाठभेदावर आहे.

याच होडीत पुढे दंतवैद्यांनी मत्स्यशोधक यंत्र बसवले. ते पाण्यात ध्वनीचा ठोका सोडते, तळावरून आणि माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून परत येणारा प्रतिध्वनी टिपते आणि पडद्यावर कमानी काढते. त्या दिवशी होडीखाली कमानींची रांगच रांग होती. मासे होते, पुष्कळ होते, मोठेही होते, आणि त्यांतल्या एकालाही हिंगाच्या गोळ्यात रस नव्हता. यापूर्वी पाण्यात मासाच नाही असे म्हणून डबे आवरता येत असत. हे यंत्र प्रतिपक्षाचा साक्षीदार ठरले. तीन रविवारांत त्याची बॅटरी घरी विसरू लागली.

न मिळालेल्या माशांची कारणे, म्हणजे काठावरचे खरे संभाषण, यांचा मोठा साठा असतो आणि त्यांत काल या दिवसाला विशेष स्थान आहे. काल लागत होते. काल पाणी निवळ होते, काल वारा नव्हता, काल धरणाचा दरवाजा उघडला नव्हता. आज विसर्ग वाढवला, इतके क्युसेक पाणी खाली सोडले, मग मासा कसा थारा धरणार? पाटबंधारे खात्याला शेतकरी दूषणे देतात त्याची कारणे मला ठाऊक आहेत. पण त्या खात्याने महाशीराच्या तोंडचा घास किती वेळा काढला याची नोंद कोणत्याही विधिमंडळात झालेली नाही. हा विषय संपला की चिलापीचा निघतो. हा आफ्रिकेकडचा मासा 1952 साली आपल्या देशात आणला गेला, जेथे गेला तेथे त्याने कुटुंब वाढवले, आणि आता गळाला हमखास लागतो तो तोच. त्याला पकडल्याचे कोणी सांगत नाही. तो घरी नेऊन तळून खाल्ला जातो, खाताना उत्तम लागतो, आणि जेवणानंतर पुन्हा महाशीराविषयी बोलणे सुरू होते.

मामा हे सर्व ऐकत असतो. पहिल्या पावसात ओढ्यांना पाणी आले की मासे अंडी घालायला उलट चढतात, त्या वलगणीच्या रात्री त्याच्या गावात पोरेसोरे कंदील आणि टोपल्या घेऊन शेताच्या बांधावर उभी असत. काठी नाही, रीळ नाही, नंबर नाही. अंड्यांनी भरलेले मासे असे धरल्याने पुढच्या वर्षाचे नुकसान होते, हे त्याला आता पटले आहे. पण त्या काळी मासा निसटला की काय म्हणत, असे मी विचारले तेव्हा त्याने जरा विचार केला. “दुसरा धरायचे,” तो म्हणाला.

अलीकडे मासा पकडून, छायाचित्र काढून, पुन्हा पाण्यात सोडण्याची उदात्त रीत आली आहे, आणि आमच्या टोळीने ती मनापासून उचलली. महाशीर दुर्मिळ झाला आहे, तेव्हा रीत योग्यच. तिच्यामुळे पकडलेला आणि न पकडलेला हा भेद मात्र जवळजवळ मिटला. दोघेही शेवटी पाण्यातच. उरते ते छायाचित्र, आणि त्यासाठी मासा दोन्ही हातांनी भिंगाच्या दिशेने होता होईल तेवढा पुढे धरायचा असतो, म्हणजे मागचा माणूस लहान होतो. मामलेदारसाहेबांचे असे एक चित्र आहे की त्यात त्यांचा अंगठाच मनगटाएवढा दिसतो.

गेल्या मार्गशीर्षात बँकेतल्या अधिकाऱ्यांना महाशीर लागला. ते गृहस्थ कधी बोलत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. त्यांनी तो शांतपणे थकवला, जाळीत घेतला, आणि ओल्या फडक्यात धरून काट्याला लावला. साडेचार किलो. सोनेरी, पुरुषाच्या तळव्याएवढ्या नव्हे पण रुपयाहून मोठ्या खवल्यांचा, डोळ्यांत भरणारा मासा. मंडळी भोवती जमली आणि क्षणभर कोणालाच काही सुचेना, कारण मुद्देमाल हजर असताना कामकाज कसे चालवायचे याचा सराव कोणाला नव्हता. मग मामलेदारसाहेब पुढे वाकले.

“हा माझा,” ते म्हणाले. “मागच्या वर्षी त्या खडकापाशी दोरी तोडून गेला तो.”

“तुमचा नऊ किलोंचा होता ना?” दंतवैद्यांनी विचारले. “हा माझा असेल. माझा सातचा होता.”

“विणीनंतर उतरतो मासा.”

“तोंड उघडा. माझा गळ वरच्या ओठात बसला होता.”

दंतवैद्यांनी हात ओला केला आणि सरावाने माशाचा जबडा उघडला. ओठ स्वच्छ होते. तीन गृहस्थ आळीपाळीने आत पाहत असताना मासा विलक्षण संयमाने त्यांच्याकडे पाहत होता. गळ गंजून पडून गेला असणार, यावर मामलेदारसाहेब आणि दंतवैद्य यांचे एकमत झाले. पारशी गृहस्थांनीही, आपला काहीच दावा नसताना, वरच्या ओठापाशी एक जुना व्रण दिसतो असे सांगून दोघांनाही आधार दिला. बँकेतले अधिकारी म्हणाले, “सोडू या का? त्याला त्रास होतोय.” त्यांनी तो पाण्यात, डोके सरळ ठेवून, कल्ले चालू होईपर्यंत दोन्ही हातांत आधारला, आणि मग हात काढून घेतले. शेपटीचा एक फटकारा बसला, मासा निळसर पाण्यात उतरला, आणि उतरल्याबरोबर त्याचे वजन वाढू लागले. मी थर्मास उघडून चहा ओतेपर्यंत ते सहावर गेले होते.